यादी घेऊन पुन्हा एकदा गावोगाव या
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नवी दिल्ली



नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा एकेकाळी ओळीने उभ्या होत्या. आज त्या जागी पावलांच्या खुणांपलीकडे फारसं काही नाही. डोक्यावर कोरलेली नावं मात्र अजून वाचता येतात: राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार हकुसिरी, महारठी त्रणकयिर. नावं राहिली, माणसं गेली. आपल्या खात्याकडे असलेल्या राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या यादीत आता अशाच नुसत्या नावांची भर पडत चालली आहे. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या आजूबाजूच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. शिवनेरीच्या पोटात आहेत, मानमोडीत आहेत, लेण्याद्रीत आहेत. तुळजा लेण्यातला बारा खांबांचा गोल चैत्य पाहिला की बाहेरगावचे लोक बोलायचे थांबतात. इथल्या शिलालेखांत धान्य विकणाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणी भेटतात. देणगी देणारे यवनही भेटतात. हे लेख जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी वाचून १८८१ साली छापले. एवढ्या जुन्या कामावर आम्ही आजही वर्ग घेतो, हे आपल्या खात्याचं ऋण आहे आणि ते मी मनापासून मानतो. माझी मागणी त्याच कामाच्या पुढच्या टप्प्याची आहे. १९५१ साली जी यादी राष्ट्राची म्हणून स्वीकारली गेली, ती हातात घेऊन आपल्या माणसांनी पुन्हा एकदा गावोगाव, पायी फिरावं. जे आहे ते पाहावं, जे गेलं ते कसं गेलं हे लिहावं, आणि जे यादीत कधी आलंच नाही ते गावकऱ्यांना विचारून नोंदवावं.

हे का हवं, ते खात्याच्याच इतिहासातून सांगतो.

१८६१ साली लॉर्ड कॅनिंगने अलेक्झांडर कनिंगहॅमला पुरातत्त्व सर्वेक्षक नेमलं. हातात चिनी प्रवाशांची वर्णनं घेऊन हा माणूस उत्तर हिंदुस्थानात गावं, टेकाडं, पडकी देवळं पाहत हिंडला. १८६६ मध्ये सरकारला वाटलं, पुरे झालं. काम बंद. १८७१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि कनिंगहॅम पहिला महासंचालक झाला. त्याच्यानंतर बर्जेस आला; तो १८८९ मध्ये गेल्यावर महासंचालकाचं पदच रिकामं ठेवलं गेलं. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या पुढाकाराने जॉन मार्शल येईपर्यंत देशाच्या पुरातत्त्वाला प्रमुख नव्हता. दोनदा सरकारला वाटलं की पाहण्यासारखं सगळं पाहून झालं आहे, आणि दोन्ही वेळा ते खोटं ठरलं.

त्या काळात काय काय हातचं गेलं, हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. हडप्प्याच्या विटा उपसून लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाखाली खडीसारख्या अंथरल्या गेल्या. हे खुद्द कनिंगहॅमने लिहून ठेवलं आहे. तिथली एक मुद्राही त्याने छापली, पण ती त्याला परकी वाटली. कायदे तेव्हाही होते. १८१०चा बंगालचा, १८१७चा मद्रासचा नियम. प्राचीन इमारतींना इजा होऊ नये म्हणून सरकारला अधिकार देणारा १८६३चा कायदा. सापडलेल्या धनाविषयी १८७८चा. पण ज्या टेकाडाखाली काय आहे हेच कोणी पाहिलेलं नव्हतं, त्याला यांतला कोणता कायदा वाचवणार होता? आधी माणसाने पाहावं लागतं. कायदा त्याच्या मागून येतो.

१९०४चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा हा पहिला खऱ्या अर्थाने कामाचा कायदा. संरक्षित स्मारक जाहीर करणं, खाजगी मालकाशी करारनामा करणं, पुरावस्तूंच्या व्यापारावर आणि उत्खननावर नियंत्रण ठेवणं, हे सगळं त्यात आलं. घारापुरीची लेणी १९०९ मध्ये त्याच कायद्याखाली संरक्षित झाली. संस्थानं मात्र या कायद्याबाहेर होती. अजिंठा-वेरूळ निजामाच्या राज्यात. तिथे १९१४ साली हैदराबाद संस्थानाचं स्वतंत्र पुरातत्त्व खातं उभं राहिलं आणि गुलाम याझदानींनी ते सांभाळलं. त्यांच्या काळात इटलीहून तज्ज्ञ आले, अजिंठ्याची सुटत चाललेली चित्रं त्यांनी भिंतीला पक्की केली. त्यांनी वर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला आणि तो काढण्याचं नाजूक काम आपल्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आलं. खात्यातल्या या माणसांची नावं लोकांना माहीत नाहीत. खरं तर ती पाठ्यपुस्तकात असायला हवीत.

स्वातंत्र्यानंतर जे झालं, त्यात मला आजच्या दुखण्याचं मूळ दिसतं. राज्यघटनेच्या ४९व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचं रक्षण ही राज्यसंस्थेची जबाबदारी ठरवली. मग १९५१चा कायदा आला. १९०४च्या कायद्याखाली जे जे संरक्षित होतं ते सगळं एका फटक्यात राष्ट्रीय महत्त्वाचं ठरलं, आणि संस्थानी मुलखातली सुमारे ४५० स्मारकं व स्थळं त्यात मिळवली गेली. फाळणीच्या जखमा ताज्या असताना, हाताशी माणसं नसताना, दुसरं काय करणार होतो? तेव्हा तो निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे ब्रिटिश अधिकाऱ्यांना जे जतन करावंसं वाटलं, त्यात त्यांच्या स्वतःच्या माणसांची थडगीही आली, ते सगळं आपल्या राष्ट्राच्या यादीत जसंच्या तसं उतरलं. आणि जे त्यांच्या नजरेला पडलं नाही, किंवा पडूनही महत्त्वाचं वाटलं नाही, ते बाहेर राहिलं. १९५८च्या कायद्याने ही यादी पुढे चालू ठेवली. नवं स्मारक जाहीर करताना दोन महिन्यांची सूचना द्यावी, ती स्मारकाजवळ लावावी, हरकती ऐकाव्यात, अशी चांगली पद्धतही घालून दिली. पण जुनी नावं पुन्हा तपासावीत, असं कोणी म्हटलं नाही.

न तपासल्याचं फळ २०१३ मध्ये समोर आलं. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी १,६५५ स्मारकांची आपल्या खात्याबरोबर प्रत्यक्ष पाहणी केली आणि त्यांतली ९२ जागेवर सापडली नाहीत. नंतर खात्याने शोध घेतला, काही सापडली. काही शहरांच्या वाढीत गेली होती, काही धरणांच्या पाण्याखाली. तरीही २४ स्मारकांचा ठावठिकाणाच लागला नाही. त्यांत आमच्या पुण्यातलं एक जुनं युरोपीय थडगं होतं आणि अगरकोटचा एक बुरूज होता. एका संसदीय समितीने २०२२ मध्ये हा विषय पुन्हा घेतला. ३,६९३ स्मारकांपैकी फक्त २४८ ठिकाणी सुरक्षारक्षक आहेत, हे तिच्या अहवालातून साऱ्या देशाला कळलं. २०२४ मध्ये १८ स्मारकं यादीतून काढण्याची अधिसूचना निघाली. फरिदाबादजवळच्या मुजेसरचा कोसमिनार, दिल्लीतलं बाराखंबा कब्रस्तान, झाशीतलं एका ब्रिटिश तोफचीचं थडगं, वाराणसीतल्या तेलिया नाल्याचे बौद्ध अवशेष ही त्यांतली काही.

इथे माझी तक्रार कायद्याबद्दल आहे आणि ती मी स्पष्ट मांडतो. ही नावं १९५८च्या कायद्याच्या ३५व्या कलमाखाली काढली गेली. त्या कलमानुसार एखाद्या स्मारकाचं राष्ट्रीय महत्त्व उरलं नाही, असं सरकारचं मत झालं तर ते वगळता येतं. तेलिया नाल्याच्या बौद्ध अवशेषांचं महत्त्व कधी संपलं? ते अवशेष संपले. आपण ते राखू शकलो नाही. या दोन गोष्टी कायद्याने एकाच दारातून बाहेर काढू नयेत. स्मारक नष्ट झालं असेल तर ते केव्हा गेलं, कोणत्या बांधकामाखाली गेलं, शेवटचं कोणी पाहिलं, त्याचं छायाचित्र वा मापं कुठे आहेत, याची चौकशी होऊन ती छापली जावी आणि मगच नाव वेगळ्या यादीत जावं. गावात माणूस गेला तर मृत्यूची नोंद होते. दोन हजार वर्षांच्या वास्तूची होत नाही, हे मला फार लागतं.

आता दुसरी बाजू. १९९२च्या जून महिन्यात अधिसूचना निघाली: संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. २०१० च्या दुरुस्तीने हे अंतर थेट कायद्यात आलं, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण उभं राहिलं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत वाढला. बिल्डरांच्या रेट्यापुढे स्मारकाला श्वास घ्यायला जागा उरावी हा हेतू अगदी रास्त होता. अंबरनाथचं अकराव्या शतकातलं शिवालय किंवा जोगेश्वरीचं लेणं आज ज्या गर्दीत उभं आहे ते पाहिलं, की हा कायदा वीस-तीस वर्षं आधी यायला हवा होता असं वाटतं. पण शनिवारवाड्याभोवती काय होतं ते पाहा. कसब्यातले जुने वाडे शंभर मीटरच्या आत येतात. दुरुस्ती परवानगीने करता येते, पाडून नव्याने बांधता येत नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला टेकू लावलेल्या भिंतींत दिवस काढावे लागतात, आणि त्याच्या मनात स्मारकाबद्दल जी चीड साठते ती मला समजते. निर्जन डोंगरावरचं लेणं आणि भरवस्तीतला वाडा यांना एकच मोजपट्टी लावल्यावर दुसरं काय होणार?

याचं उत्तर त्याच दुरुस्तीत आहे. प्रत्येक स्मारकासाठी त्याच्या परिसराला साजेशा वेगळ्या वारसा उपविधी करायच्या आणि त्या संसदेपुढे ठेवायच्या, असं कायदा सांगतो. हे काम ज्या गतीने व्हायला हवं होतं त्या गतीने झालेलं नाही, आणि तोवर सरसकट शंभर मीटरच चालू आहे. उपविधी करायच्या तर जागेवर जावं लागतं, मोजावं लागतं, शेजाऱ्यांशी बोलावं लागतं. म्हणजे मी जे फिरणं मागतो आहे, ते या कायद्यालाही हवंच आहे.

एकदा पाहून झालेली जागा पुन्हा कशाला पाहायची, असं कोणी विचारलं तर त्याला मोहेंजोदडोची हकीकत सांगावी. १९११-१२ च्या हिवाळ्यात आपल्या खात्याच्या पश्चिम विभागातून देवदत्त रामकृष्ण भांडारकर तिथे गेले. मोठे विद्वान. विटा पाहून त्यांनी ठरवलं की हे अवशेष फार तर दोनशे वर्षांचे असावेत. काही वर्षांनी त्याच विभागाच्या प्रमुखपदी राखालदास बॅनर्जी आले. विभागाचं कार्यालय पुण्यात होतं. ते त्याच जागी पुन्हा गेले आणि १९२२ मध्ये त्यांनी खोदायला घेतलं. १९२४ मध्ये मार्शलने जगाला सिंधू संस्कृती जाहीर केली. पहिल्या पाहणीचा शेरा कागदावर कायम राहिला असता, तर या देशाचा इतिहास दोन-अडीच हजार वर्षांनी तोकडा राहिला असता. भांडारकरांसारख्याचीही नजर चुकू शकते, म्हणून पुन्हा जायचं असतं.

आणि न पाहिलेलं किती आहे! १९७४ साली नगर जिल्ह्यात दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस मिळाले. चौघांचं वजन मिळून साठ किलोंच्या वर. ती जागा तेव्हा अनोळखी नव्हती, तिथे आधी उत्खनन होऊन गेलं होतं. दापोलीजवळ पन्हाळेकाजीची लेणी आपले माजी महासंचालक म. न. देशपांडे यांनी जगासमोर आणली, ती गावात मिळालेल्या ताम्रपटाचा माग काढत. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पं तर सगळ्यांत ताजी. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी, रुंढे तळी. हत्ती, मासे, माणसं, अनोळखी आकृत्या. यांतली बहुतेक स्थानिक हौशी मंडळींनी उन्हातान्हात सडे तुडवून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून शोधली. गोव्यातल्या उसगाळीमळचीही गोष्ट तशीच. गावकऱ्यांनी दाखवली तेव्हा अभ्यासकांना कळली. आज ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आणि त्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव आला तेव्हा शिल्पांचं काय, हा प्रश्न गावकऱ्यांना रस्त्यावर उतरून विचारावा लागला. कनिंगहॅमने जे काम पगार घेऊन केलं, ते कोकणातल्या या माणसांनी पदरमोड करून केलं. त्यांना आपल्या खात्याच्या नोंदवहीत जागा असावी, एवढी माझी विनंती आहे. २००७ मध्ये स्मारकं आणि पुरावस्तूंच्या नोंदीसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली होती. तिला अशी गावातली माणसं जोडून दिली तर ती खरोखर गावापर्यंत पोचेल.

मराठी गावांत वेशीवर वीरगळ असतो, सतीशिळा असते, पारावर भग्न मूर्ती मांडून ठेवलेल्या असतात. शेंदूर फासून लोकांनी त्या टिकवल्या. रस्ता रुंद झाला की त्या भरावात जातात, देवळाचा जीर्णोद्धार झाला की जुने कोरीव दगड मागे ढीग करून टाकले जातात. करणारे वाईट नसतात. हे काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. सांगायचं तर त्यांच्या भाषेत सांगावं लागेल. संरक्षित स्मारकाशी उभा असलेला निळा फलक शिक्षेची धमकी देतो, पण तिथे काय पाहायचं आणि कुठपर्यंतची जमीन संरक्षित आहे ते सांगत नाही. प्रत्येक स्मारकाची मूळ अधिसूचना, गट क्रमांकासह नकाशा, शंभर आणि तीनशे मीटरच्या रेषा आणि त्या जागेची चार पानी मराठी माहिती ग्रामपंचायतीत ठेवा. तलाठ्याकडे ठेवा, शाळेत ठेवा. आमच्याकडे लेण्याद्रीला गणपतीचं दर्शन घ्यायचं तर लेण्यांचं तिकीट काढावं लागतं, त्यावर लोक वर्षानुवर्षं बोलतात. सातव्या क्रमांकाचं ते बौद्ध लेणं आणि त्यातला गिरिजात्मज, दोन्हींचं रक्षण एकच खातं करतं, हे समजावून सांगणारा माणूस तिथे उभा असता तर ही चर्चा इतकी कडवट झाली नसती. श्रद्धा आणि जतन यांचं इथे वैर नाही. पूजा चालू राहिली म्हणून कित्येक लेणी गुरांच्या गोठ्यात जाण्यापासून वाचली, आणि संरक्षण होतं म्हणून त्यांतले शिलालेख रंगाखाली बुजले नाहीत.

रक्षक नेमायला पैसा नाही हे मला मान्य आहे. पण २४८ ठिकाणांच्या पलीकडची तीन हजारांहून अधिक स्मारकं दिल्लीहून कोणी राखू शकणार नाही. ती राखायची तर लेण्याखालच्या वस्तीतला, वाट माहीत असलेला, पावसाळ्यातही वर जाणारा माणूस हवा. त्याला मानधन द्या, ओळखपत्र द्या, कुठे गळती दिसली, कुणी नाव कोरलं, कुणी बांधकामाचा दगड टाकला, तर कोणाला कळवायचं ते सांगा. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. त्यांतला शिवनेरी आमचा. बारांपैकी आठ आपल्याकडे आहेत, चार राज्याकडे. त्या निमित्ताने गडाच्या पायथ्याला जी उमेद आली आहे, तिला काम द्यायची हीच वेळ आहे.

उत्खननांचे अहवालही असेच अडून आहेत. खोदून झालं, वस्तू पेटाऱ्यात गेल्या, अहवाल दशकानुदशकं छापला नाही, हे महालेखापरीक्षकांनीच नोंदवलं आहे. खोदलेली जागा पुन्हा खोदता येत नाही. तिथे काय होतं ते फक्त त्या टिपणांत उरलेलं असतं, आणि टिपणं लिहिणारी माणसं निवृत्त होत आहेत. या अहवालांना नव्या उत्खननांच्या आधी पैसा आणि माणसं मिळावीत.

पुनर्पाहणीची सुरुवात कुठून करायची असा प्रश्न असेल, तर जुन्नरपासून करा. आपल्या मुंबई मंडळातून दोन-तीन अभ्यासक येत्या हिवाळ्यात इथे पाठवा. तालुक्यातल्या शाळा, गडावर जाणारे गट, डोंगरांतल्या वाड्यांवरचे ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी वाटाडे, यांना बरोबर घेऊन एकेक डोंगर पाहता येईल. बर्जेसच्या यादीतलं काय जागेवर आहे, कोणता लेख झिजला, कोणतं टाकं बुजलं, यादीत नसलेलं काय दिसलं, हे एका हंगामात लिहून होईल. राहण्याची सोय आम्ही शाळेत करू. आपल्या होकाराचं पत्र आलं की मी तालुक्यातल्या मुख्याध्यापकांची बैठक बोलावतो.

आपला,
जुन्नर तालुक्यातील एक इतिहास शिक्षक